पुणं फुकट, माळीवाडा महाग

एसटीत खिडकीशी बसून ऐकत असाल तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे. गाडी चालवत असाल तर नंतर ऐका.

मी पुण्यात कोड लिहितो, आजी-आजोबा नगरला. म्हणजे कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आजोबांच्या तोंडी अजून नगरच. घर सावेडीत, पाईपलाईन रोडला. सकाळी आठला गल्लीत उभे राहिलात तर निवृत्त शिक्षक, निवृत्त बँकवाले आणि निवृत्त फौजी, एवढेच दिसतील. पोरं पुण्यात, बंगळुरात, नाहीतर थेट परदेशात. कुणी ठरवून वसवली नाही, पण ही वृद्धांची वसाहतच झालीये.

आता एसटीचं बघा. १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली ती पुणे ते नगर, त्यामुळे एसटीबद्दल आम्हा नगरकरांना जरा जास्तच अभिमान. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं. आजी बहात्तरची, म्हणजे दोन्हीकडून अर्धंच. दोन अर्धे मिळून एक पूर्ण का होत नाही, हा तिचा प्रश्न. आजोबा गणिताचे मास्तर होते, पण यावर त्यांच्याकडे उत्तर नाही.

तर अठ्ठ्याहत्तरचे आजोबा पुण्याला येतात ते शून्य रुपयांत, साधारण १२० किलोमीटर. पण घरातून माळीवाड्याच्या स्टँडपर्यंत जायला? स्पेशल रिक्षा केली तर दीडशे रुपये. शेअर रिक्षा हवी तर आधी मनमाड रोडपर्यंत चाला, मग दिल्ली गेट, तिथून पुढे दुसरी. त्यातही जागा मिळते ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धं अंग बाहेर. गुडघे दुखणाऱ्या माणसानं हे कसं करायचं?

आम्ही इंजिनिअर लोक यावर काय करतो, तर जाणंच रद्द करतो. मीही तेच केलं. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता. म्हटलं, बँकेत कशाला जाताय? मोबाईलवर चेहरा दाखवला, दोन मिनिटांत काम झालं. मी खूश. आजोबा नुसतं "बरं" म्हणाले.

रात्री आजी स्वयंपाकघरात म्हणाली, "अरे, त्यांच्या शाळेतले सगळे त्या दिवशी बँकेत भेटतात. आधी चहा, मग दाखला. वर्षातून तेवढं एकच निमित्त होतं." मला काही बोलताच आलं नाही.

मग जरा वेगळं करून बघितलं. गल्लीतल्या ओळखीच्या एका रिक्षावाल्या काकांशी बोललो. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहा, तीन सवाऱ्या, भाडं तिघांत वाटून. परत आणायलाही तेच. मी ॲप बनवणार होतो, पण आजोबांनी वही काढली, रकाने आखले. एवढ्यावर काम भागतंय. कुणी आजारी पडलं की नंबर पुढच्याला. परवा तर वेटिंग लिस्ट लागली होती!

तुमच्या घरी कुणी पंचाहत्तरीचं असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवा. वयाचा पुरावा, म्हणजे आधार वगैरे, सोबत हवा. आणि प्रवास फुकट असला तरी कंडक्टरकडून शून्य रकमेचं तिकीट घ्यायचंच. ही सवलत शहर बसला नाही, आणि राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. सावेडीकरांनो, तुमची गाडी तारकपूरला थांबते का तेही विचारा, माळीवाड्यापेक्षा ते जवळ पडतं.

या नोव्हेंबरची तारीख आजोबांनी वहीत आधीच लिहून ठेवलीये: "बँक, तीन सवाऱ्या, चहा." तुमच्या गावात म्हातारी माणसं स्टँडपर्यंत कशी पोचतात, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये लावू. चला, भेटूच!