पिनाकबेत

फिलिपीन्समधील लुझोन बेटाच्या वायव्येस, कॉर्डिलेरा पर्वत आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत इलोकोस हा जो प्रदेश आहे, तेथील शेतकऱ्याच्या घरी भातासोबत पिनाकबेत नावाची भाजी रांधतात. आणि तिचे जिन्नस पाहू जाता कारली, वांगी, भेंडी, टोमॅटो, चवळीच्या शेंगा अशी सारी आपल्याच मंडईतील मंडळी निघतात.

निराळी आहे ती रांधण्याची रीत. मातीच्या मडक्यात टोमॅटो, आले, कांदा घालून त्यावर बागूंगचा, म्हणजे मिठात महिनोन्महिने मुरवलेल्या मासळीचा, रस ओततात, वर बाकीच्या भाज्या रचतात आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू देतात. पाणी जवळजवळ नाहीच. पळीही घालावयाची नाही; गृहिणी फडक्याने मडके दोन्ही हातांनी धरते आणि हलकाच हिसका देऊन आतली भाजी खालीवर करते. भाज्या आपल्याच रसात शिजतात, सुरकुततात. पिनाकबेत या शब्दाच्या मुळाशीही आकसणे हाच अर्थ आहे.

माझ्या मते या भाजीचे पथ्यकर मर्म येथेच आहे. 'क' जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल ही पाण्यात विरघळणारी द्रव्ये. आचेने त्यांचा काही अंश नष्ट होतोच, परंतु जो रसात उतरतो तो येथे भातावर येतो. आपण मात्र कारल्याच्या चकत्या मीठ लावून घट्ट पिळतो आणि ते हिरवे पाणी मोरीत ओतून देतो! इलोकानो गृहिणी लहान कारल्याला, भरल्या वांग्याला देतो तशा चिरा देऊन, ते सबंधच मडक्यात सोडते. भेंडीतील चिकट द्रव हाही उपयुक्त चोथाच होय. तो अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरू देतो. मनिलाकडे पिनाकबेतमध्ये तांबडा भोपळाही घालतात. त्यातील 'अ' जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य अंगी लागण्यास चमचाभर तेल मात्र हवे.

कारल्याने मधुमेह बरा होतो, असे मी सांगणार नाही; तसा खात्रीचा पुरावा नाही, आणि त्या भरवशावर कोणी औषध सोडू नये. दुसरी काळजी मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ घेण्याची शिफारस केली आहे, आणि बागूंग तर मिठातच जन्मलेले. रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी ते निम्म्याहून कमी करून टोमॅटो दुप्पट घ्यावेत. रस तेवढाच सुटतो, आणि आल्याने चवही राखली जाते.