हाडातील कर्करोगाची वेदना आणि मेरुरज्जू

भिलाईतील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. पोलादाच्या या गावात कष्टाचे दुखणे सोसणे हा गुणच मानला जातो. परंतु पाठ रात्रीची ठणकू लागली, तर ते दुखणे वयावर वा पाळीच्या कामावर ढकलून चालत नाही. स्तन, प्रोस्टेट ग्रंथी किंवा फुप्फुस यांतील कर्करोग मणक्यात वा मांडीच्या हाडात उतरल्याचे ते चिन्ह असू शकते.

वेदनेची ठिणगी हाडातच पडते. हाड झिजविणाऱ्या पेशी आम्ल स्रवतात. त्याने आणि गाठीतून पाझरणाऱ्या रसायनांनी अस्थ्यावरणातील मज्जातंतू चेततात. एवढ्याने मात्र नुसती कूस बदलताच रुग्ण का विव्हळतो, याचा पुरता उलगडा होत नाही. त्यासाठी मेरुरज्जूकडे वळले पाहिजे. हाडातून निघालेली वार्ता मेंदूकडे जाण्यापूर्वी मेरुरज्जूच्या मागील भागात पोचते, आणि तिचा जोर किती राहावा हे पुष्कळसे तेथेच ठरते. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये या जागेला दाराची उपमा दिली होती.

कर्करोगात हे दार जणू उघडेच राहते. १९९९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात पॅट्रिक मँटीह व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात कर्कपेशी वाढविल्या. त्याच बाजूच्या मेरुरज्जूत ताराकृती पेशी, ज्या एरवी मज्जापेशींची निगा राखतात, कमालीच्या फुगलेल्या आढळल्या. डायनॉर्फिन हे द्रव्यही वाढले होते. मज्जापेशी मात्र नष्ट झालेल्या नव्हत्या. दुखरे हाड हलकेच चाचपले, तरी वेदनेची वार्ता वाहणाऱ्या पेशी जाग्या होत. पुढे २००२ मध्ये दिसून आले, की सुजेच्या तेवढ्याच तीव्र वेदनेपेक्षा ही वेदना शमविण्यास उंदरांना दसपट मॉर्फीन लागते.

मॉर्फीनचे एक मुख्य कार्यस्थान मेरुरज्जूच आहे. तरीही घरची माणसे ‘ते अगदी शेवटी’ म्हणून थांबतात; व्यसनाची भीती त्यांना वाटते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांची गुंतागुंत वाढली व औषध दुर्मिळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ती बरीचशी सुटली. हाडावर किरणोपचाराची एकच मात्राही अनेकांना आराम देते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये सांगितले, की वेदनाशामक घड्याळाच्या ठोक्याला द्यावे, रुग्णाने मागण्याची वाट पाहू नये. मॉर्फीनने मलावरोध होतो, म्हणून सोबत सारक औषध पहिल्या दिवसापासून हवे.