एक वर्षाचा खाडा

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक व तरुण मुलांपुढे केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला मुलांच्या शिक्षणावर बोलायला सांगितलं. मी बर्फावरच्या शर्यतीवर बोलणार आहे. गिरणीतला माणूस आणि बर्फाच्या गप्पा! हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

बारावीचा निकाल लागला आणि माझ्या धाकटीने विचारलं, "पप्पा, कॉलेज एक वर्ष पुढे ढकलू का? पाच हजार मीटरची नीट तयारी करायची आहे." माझ्या तोंडून निघालं, "वर्ष फुकट जाईल." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझंही काय चुकलं? सतराव्या वर्षी मी बदली कामगार म्हणून लागलो. खाडा पडला की पगार गेला. अंगात ताप घेऊन पाळीला गेलोय. 'खाडा' हा शब्द आमच्या रक्तात बसलाय.

तिसऱ्या दिवशी तिने मला मोबाईलवर एक शर्यत दाखवली. 21 फेब्रुवारी 2018, दक्षिण कोरियातलं प्योंगचांग, हिवाळी ऑलिंपिक. खेळ क्रॉस-कंट्री स्कीइंग. पायाला लांब, अरुंद पट्ट्या, दोन्ही हातांत काठ्या. डोंगरावरून नुसतं घसरत यायचं असा हा खेळ नाही. यात चढसुद्धा स्वतःच्या ताकदीवर चढावा लागतो. म्हणून बूट फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला असतो, टाच मोकळी. पाय, हात, पाठ, पोट सगळं एकदम राबतं.

त्या शर्यतीत दोघींची जोडी, प्रत्येकीने आळीपाळीने तीन फेऱ्या मारायच्या. अमेरिकेची किकन रँडल, एका लहान मुलाची आई, पाचवं ऑलिंपिक. तिची जोडीदार जेसी डिगिन्स. शेवटच्या सरळ रस्त्यावर स्वीडनची मुलगी पुढे होती. जेसीने तिला गाठलं आणि 0.19 सेकंदाने जिंकली. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच निकाल! क्रॉस-कंट्रीत अमेरिकेचं हे पहिलं सुवर्णपदक. त्याआधी त्यांच्याकडे एकच पदक होतं, 1976 साली बिल कॉकने मिळवलेलं रौप्य.

मी म्हणालो, "बरं, मग?" मुलगी म्हणाली, "पप्पा, हिने पण वर्ष घेतलं होतं." मग मी तिच्याकडून एकेक वाचून घेतलं.

जेसी मिनेसोटा राज्यातल्या अफ्टन गावची. 2010 साली तिची शाळा संपली. विद्यापीठाची शिष्यवृत्ती हातात होती. तिने ती नाकारली नाही, एक वर्ष पुढे ढकलली आणि पूर्ण वेळ स्कीइंग केलं. पुढे ती खेळातच राहिली. पण मित्रांनो, हा भेद ध्यानात घ्या. दार बंद करून जाणं वेगळं आणि दार लोटून जाणं वेगळं. परत यायला वाट होती, म्हणून पोरगी बिनघोर पळू शकली.

आता त्या वर्षात करतात काय? मला वाटलं होतं, दिवसभर मर मर मेहनत. तसं नाही. या खेळातले जगातले अव्वल खेळाडू वर्षाला साधारण 700 ते 900 तास सराव करतात. हिशोब मांडा. आठशे तास धरले तर आठवड्याला पंधरा-सोळा तास, म्हणजे आपल्या दोन पाळ्या! आपण आठवड्याला सहा पाळ्या करतो. त्यातलाही बहुतेक सराव सावकाश, बोलता बोलता करता येईल अशा गतीने. जोराचा सराव थोडाच. उन्हाळ्यात बर्फ नसतं, तेव्हा चाकं लावलेल्या पट्ट्या घालून डांबरी रस्त्यावर, काठ्या घेऊन डोंगरात. बाकी वेळ खाणं, झोप, विश्रांती. तीसुद्धा वहीत मांडलेली.

हे वाचून मी गप्प झालो. तीस-पस्तीस वर्षं मी यंत्रापुढे उभा आहे. माझे गुडघे गेले, तिची मांडी लोखंडासारखी झाली. दोघांनी घामच गाळला. फरक कुठे? तिच्या कष्टात विश्रांती हा कामाचाच भाग आहे, आमच्या कष्टात विश्रांती म्हणजे खाडा. कष्ट शरीर झिजवतात, सराव शरीर घडवतो, आणि दोन्हींच्या मधे विश्रांती उभी आहे.

पण चांगलीच बाजू सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. अठरा-एकोणीस वर्षांची असताना जेसीला बुलिमिया हा आजार जडला होता. खायचं आणि ओकून टाकायचं. तिला उपचार घ्यावे लागले. ही गोष्ट तिने 2018 साली जगाला सांगितली, 2020 साली पुस्तकात लिहिली. 2023 साली तो त्रास पुन्हा उलटल्याचंही उघड सांगितलं. 2021 साली वर्षभराचा विश्वचषक जिंकणारी ही पहिली अमेरिकन बाई. तिलाही हे चुकलं नाही. सोण भिक्खूची गोष्ट आपण याच विहारात ऐकली आहे. चालून चालून त्याचे पाय रक्ताळले, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण दिली. फार ताणली तरी सूर नाही, ढिली सोडली तरी नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. अमेरिकेत सरकार ऑलिंपिक संघाला थेट पैसा देत नाही. तिथल्या खेळाडूंनाही क्लब आणि पुरस्कर्ते शोधावे लागतात. त्याच प्योंगचांगमध्ये आपला जगदीश सिंग 15 किलोमीटर पळाला. पदकापासून तो फार लांब राहिला, पण पोचला. तो लष्करातला जवान. म्हणजे सरावाच्या मागे कुणाची तरी भाकर उभी असावी लागते. आपल्या घरात ती भाकर म्हणजे आईबाप. म्हणून परवानगी देण्याआधी आपण हिशोब करायचा. त्यात मुलांना कमीपणा वाटायचं कारण नाही.

मी माझ्या मुलीला होकार दिला आहे, पण अटी घालून. एक, कॉलेजात आधी विचारून यायचं. आपल्याकडे जागा राखून ठेवतीलच असं नाही, आणि मधे वर्ष गेलं की पुढच्या प्रवेशाला प्रतिज्ञापत्र मागतात. नाहीतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घालून पहिलं वर्ष घरी अभ्यास करून काढायचं. दोन, जाणत्या प्रशिक्षकाशिवाय एक दिवसही नाही. तीन, रोजची वही. त्यात पळणं, झोप, जेवण आणि मन कसं आहे तेही लिहायचं. महिन्याची पाळी चुकली तर लपवायचं नाही, आईला आणि डॉक्टरला सांगायचं. चार, वर्ष संपलं की वही उघडून आम्ही तिघांनी बसायचं. पदक नाही मिळालं म्हणून कुणी टोमणा मारायचा नाही. ही चौथी अट तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे.

सगळ्याच मुलांनी वर्ष घ्यावं असं मी म्हणत नाही. घरी बसून मोबाईल बघायला वर्ष मागणाऱ्याला खुशाल कॉलेजात पाठवा. ज्याच्या हातात वही आहे, मागे गुरू आहे आणि परतीचं दार लोटलेलं आहे, त्यानेच मागावं. आणि जेसीकडे बघा. 2010 साली घेतलेल्या वर्षाचं सोनं 2018 साली हाती आलं. आठ वर्षांचा धीर आईबापांनाही धरावा लागतो.

त्या दिवशी मी विचार न करता 'फुकट' म्हणालो. तो शब्द आज तुम्हा सर्वांसमक्ष मागे घेतो. पहाटे पाचला ती मैदानावर जाते. पहिल्या पाळीला निघताना मी तिला कुंपणापासून बघतो. सावकाश पळत असते. पूर्वी वाटायचं, अंग चोरतेय. आता कळतं, ती शिकतेय.

एवढं बोलून मी थांबतो. जयभीम.