द्राक्षाची काडी कोणाची?



तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण प्रयोगशाळेत जन्मला नाही. तासगावजवळच्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून तो निवडला. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी असाच लांब मण्यांचा ‘सोनाका’ काढला. दोन्ही वाणांच्या काड्या गावोगाव पोचल्या.

नुसत्या काडीनं मात्र भागत नाही. मणी फुगावेत म्हणून, ते बाजरीएवढे झाले की जिबरेलिक आम्लाचं द्रावण भरलेला मग घेऊन बायका मांडवाखालून फिरतात आणि एकेक घड त्यात बुडवून काढतात. मणी ज्वारीएवढे झाले की पुन्हा तेच. मात्रा पीपीएममध्ये मोजायची. ती चुकली की साल जाड होते. हा हिशेब बागायतदार शिकला तो बराचसा दुसऱ्याच्या प्लॉटवर उभं राहून. १९६० साली स्थापन झालेल्या द्राक्ष बागायतदार संघानं या देवाणघेवाणीला चर्चासत्रांची शिस्त लावली. एकाच बाजारात माल विकणारी माणसं आपली फवारणी एकमेकांना सांगतात, याचं मला अजूनही नवल वाटतं. व्यापारी सांगेल का?

पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं ते १९९७ मध्ये. निर्यातीसाठी महाग्रेप्स ही संस्था त्याआधी, १९९१ मध्येच उभी राहिली होती. पण २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश सापडले आणि युरोपात आपले कंटेनर अडकले. त्या संजीवकाची तपासणी आपल्याकडच्या यादीतच नव्हती. फटका शेवटी बसला तो शेतकऱ्याला.

आता अडचण वेगळी आहे. परदेशी बाजाराला हवे असलेले कित्येक नवे वाण पेटंटचे आहेत. लावायचे तर परवाना घ्या, रॉयल्टी भरा आणि काडी शेजाऱ्याला देऊ नका. वाण काढणाऱ्यानं वर्षानुवर्षं खर्च केलेला असतो, त्याला मोबदला मिळायलाच हवा. पण दोन एकरवाल्याला तो परवडायचा कसा? मोठ्या शेतकरी कंपनीत सामील झाला तर जमेल, एकट्यादुकट्याला कठीण.

यावर उपाय आपल्याच वाणांचा. मांजरीच्या केंद्रानं ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी किशमिश’ असे वाण दिले आहेत. सरकारनं या कामाला पैसा वाढवून द्यावा. आणि बागायतदारांनो, वेगळा घड दिसला तर तो तोडून बाजारात पाठवण्याआधी त्या वेलीला खूण करा आणि केंद्राला कळवा.