पाहणाऱ्याची नोंद

(डोंबिवली येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वार्षिक हिशेब आताच वाचला गेला व तपासनिसांच्या सहीनिशी मंजूर झाला. पैशाच्या बाबतीत आपण सारे दक्ष आहो. परंतु मंडळाच्या संगणकात पैशाहूनही नाजूक अशी एक ठेव आहे. वधूवर-नोंदणीत मुलामुलींचे वेतन, आजार, घटस्फोट, पत्ता हे सारे लोकांनी विश्वासाने लिहून दिलेले असते. ते कोणी कोणी पाहिले, याचा हिशेब मात्र आपण कधी मागितला नाही.

तिजोरीतून रुपया गेला तर शिल्लक कमी भरते. माहिती चोरीस गेली तरी ती जागच्या जागीच दिसते. म्हणून चोरी उमगत नाही. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने, लोकांच्या दूरध्वनींचे तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली. कोणी कोणास, केव्हा व किती वेळ दूरध्वनी केला, हे त्या तपशिलात असते. कुलूप कितीही भक्कम असो, किल्ली कोणाच्या हाती जाते यावर सारे अवलंबून, हाच त्यातील बोध होय.

उपाय सोपा आहे. प्रत्येक कार्यकर्त्यास स्वतंत्र परवलीचा शब्द असावा. एकच शब्द चौघांत वापरला तर नोंदीस अर्थ उरत नाही. संगणक बहुधा फेरबदलांची नोंद ठेवतो. नुसत्या वाचनाची नोंद त्याला मुद्दाम ठेवावयास लावावी लागते. कोणी, कोणाची माहिती, केव्हा व कोणत्या कामासाठी पाहिली, हे त्यात यावे. ही वही पाहणाऱ्याच्या हाती नसावी, आणि दरमहा त्रयस्थाने ती चाळून चार नोंदींचा तरी जाब विचारावा. न वाचलेली वही म्हणजे न ठेवलेली वही.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखालील, नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनीही अशा नोंदी वर्षभर जपण्याचे बंधन घातले आहे. ते अठरा महिन्यांच्या मुदतीनंतर लागू व्हावयाचे आहे. आपण तोवर का थांबावे?

हा आपल्याच माणसांवर अविश्वास नव्हे काय, असे कोणी विचारील. खजिनदार सचोटीचा आहे म्हणून आपण हिशेब तपासणे सोडत नाही. तपासणीमुळेच त्याच्या सचोटीला साक्ष मिळते. कल्याणच्या एखाद्या भगिनीने आपल्या मोडलेल्या संसाराची हकीकत आपल्या हवाली केली असेल, तर ती केवळ कुतूहलापोटी कोणी उघडू नये, एवढे तिचे आपल्याकडे मागणे आहे. पुढील वर्षी जमाखर्चाबरोबर हाही हिशेब या व्यासपीठावरून वाचला जावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.