बेचिराग गावाचा सरपंच

तलाठ्याच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना 'बेचिराग' हा शब्द नवा नाही. गावाला नाव असते, शीव असते, सात-बारे निघतात. पण तिन्हीसांजेला दिवा लावायला घर नसते. आजचे गाव असेच आहे, पण फ्रान्समधले. आणि या गावाला सरपंच आहे!

ईशान्य फ्रान्समध्ये म्यूज नदीकाठी व्हर्दून शहर आहे. त्याच्या वरच्या डोंगरधारेवरचे हे गाव, फ्लरी. 1913 साली तिथे 422 माणसे राहत होती. शेती करावी, रानातली लाकडे तोडावीत, एवढाच व्याप. गावाला नडली ती त्याची जागा. उत्तरेला दुओमाँचा किल्ला, मागे सूव्हीलचा. मधली धार ज्याच्या हाती, त्याला व्हर्दूनची वाट मोकळी. पहिल्या महायुद्धात, 21 फेब्रुवारी 1916 ला जर्मन तोफा सुरू झाल्या आणि लोकांनी हाताला लागेल ते घेऊन गाव सोडले. 23 जूनला जर्मन गावात शिरले. 18 ऑगस्टला ते कायमचे फ्रेंचांकडे येईपर्यंत त्याचा ताबा सोळा वेळा फिरला, असे सांगतात. अर्थात, तोवर ताबा घ्यायला उरले होते ते विटांच्या चुऱ्याने भरलेले रान.

त्या मातीत न फुटलेले गोळे होते, विषारी द्रव्ये होती, प्रेते होती. सरकारने तो टापू 'लाल पट्टा' ठरवून शेतीला बंदी केली आणि वर पाइनची झाडे लावली. व्हर्दूनभोवतीच्या अशा नऊ गावांना 'फ्रान्ससाठी मृत' ही सैनिकांना मिळणारी पदवी मिळाली. त्यांतल्या सहा गावांत आजही वस्ती नाही.

आपल्याकडे एव्हाना गट ग्रामपंचायत करून विषय मिटवला असता. फ्रान्समध्ये 1789 च्या क्रांतीने प्रत्येक खेड्याला स्वतःचा कारभार दिला, आणि तो सोडायला तिथली माणसे सहसा तयार नसतात. फ्लरीत मतदारच नाहीत, म्हणून सरपंचाची नेमणूक प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी, करतो. दप्तर सांभाळायचे, स्मारकाची निगा राखायची, एवढे त्याचे काम. जनगणनेत फ्लरीपुढे शून्य छापतात. ओळ मात्र काढत नाहीत.

आता तिथे हिरवळीने भरलेले खड्डेच खड्डे आहेत. त्यांच्या मधून पायवाटा काढल्या आहेत आणि कडेला छोट्या खुणा रोवल्या आहेत: इथे पाववाला, इथे शाळा, इथे शेतकऱ्याचे घर. खुणेपाशी उभे राहून पाहावे, तर समोर नुसता खड्डा. देवळाच्या जागी 1934 मध्ये एक छोटे प्रार्थनाघर उभे राहिले.

जमीन अजून शांत झालेली नाही. 2013 साली तिथल्या एका घराच्या जागी, तळघराच्या ढिगाऱ्याखाली 26 फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. ओळखीच्या बिल्ल्यांवरून त्यांतल्या काहींची नावे लागली.