आई-बाप फडावर, लेकरं गावात

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात, ती परततात थेट उन्हाळ्यात. लेकरांची शाळा बुडू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहं चालवली जातात. दुपारी शाळेची खिचडी, सकाळ-संध्याकाळचं वसतिगृहाकडून. झोपायला मात्र बहुधा आजीकडे.

शालेय पोषण आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, सहावी ते आठवीला 700 आणि 20, असा नियम आहे. वाढत्या अंगाची दिवसाची गरज याहून कितीतरी मोठी. म्हणजे बाकीच्या दोन जेवणांवरच सगळी मदार. खरी गोम सुट्टीच्या दिवशी कळते. आजीला दळण, सरपण, शेरडं यातून उसंत नसते. मग चहात बुडवलेली खारी नाहीतर पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट, यावरच दुपार टळते. आणि जेवणाला लागून चहा नकोच, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

महागडं काही लागत नाही. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे, शेवग्याच्या पाल्याची भाजी. वरून लिंबू पिळा, लोह अधिक शोषलं जातं.

वयात येणाऱ्या मुलींकडे जरा जास्त लक्ष द्या. शाळेतून दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी उपाशीपोटी नको, जेवल्यावर घ्यावी.

शेजारी अशी लेकरं असतील, तर रविवारी दोन भाकरी जास्त थापा आणि त्यांना आपल्या पंगतीला बसवा.